घरात दोघंही नोकरी करतात, मुलं लहान आहेत, तर झटपट होणारे पौष्टिक पदार्थ कुठे शोधायचे?

शोधू नका. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "रोज संध्याकाळी नवीन काय करायचं ते सुचत नाही." त्यातला 'नवीन' हा शब्द आधी खोडा. माझ्या डोक्यात तो माझ्या ताईने भरवला होता आणि तो निघायला वर्ष गेलं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

थोरली सहा वर्षांची होती, धाकटा तीन. बायकोची शिफ्ट दुपारची झाली आणि रात्रीचं जेवण माझ्या गळ्यात आलं. मी आपला मटार घातलेला भात, उकडलेली अंडी, डाळ, बटाटा असं आलटून पालटून करत होतो. त्यातच ताई आठ दिवस राहायला आली. तिसऱ्या दिवशी कुकरचं झाकण उघडून म्हणाली, "पुन्हा मटार? पोरांना हॉस्टेलला ठेवलंयस का? रोज तेच तेच खाऊन जीभ मरते मुलांची. धाकटा जेवत नाही तो म्हणूनच." धाकटा खरंच जेवत नव्हता. चार घास झाले की मान फिरवायचा. त्यामुळे ते वाक्य वर्मी बसलं.

ताई गेल्यावर एक अख्खा रविवार मी मोबाइलवर व्हिडिओ बघण्यात घालवला. चार आठवड्यांचा तक्ता केला, अठ्ठावीस जेवणं, एकही पदार्थ दोनदा नाही. फ्रिजवर लावला. बायकोने वाचला, काही बोलली नाही.

पहिल्याच मंगळवारी त्यात बीट, गाजर आणि पालकाचे चांदणीच्या आकाराचे कटलेट होते. साडेसहाला घरी आलो. उकडा, किसा, पाणी पिळून काढा, साच्यात दाबा, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवा, भाजा. ताटं मांडली तेव्हा सव्वाआठ वाजले होते आणि ओट्यावर खून झाल्यासारखं बीट सांडलं होतं. धाकट्याने एक चांदणी उचलली, एका टोकाला जीभ लावली, "ओलं आहे" म्हणाला आणि जिथून उचलली तिथेच बरोबर परत ठेवली. थोरलीने विचारलं, "आज भात नाही का?"

मी ओरडलो. तीन वर्षांच्या पोरावर, चांदणी खाल्ली नाही म्हणून. तो रडला, मग त्याला शांत करायला कपभर दूध दिलं. ते मात्र त्याने गटागटा संपवलं.

गोम त्या कपातच होती. पुढे लसीकरणाला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी त्याचं वजन बघितलं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, दिवसभरात काय काय पितो? मी मोजायला लागलो. सकाळी एक कप, दुपारी झोपून उठल्यावर एक, मी घरी आल्यावर एक, झोपताना एक. आठशे मिलीच्या आसपास दूध. "मग जेवणाला जागा कुठे ठेवलीत?" एवढंच म्हणाल्या. या वयाला अर्ध्या लिटरच्या वर नको. दुधात लोह जवळजवळ नसतंच आणि पोट मात्र तेच भरतं. हिमोग्लोबिन तपासलं तर जरा कमी निघालं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं: पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, त्यानंतर वाढीचा वेग एकदम उतरतो, म्हणून भूकही उतरते. आपण मात्र वर्षाच्या बाळाच्या हिशोबाने ताट वाढत राहतो.

आणि ताई त्या आठ दिवसांत काय म्हणत होती? "जेवत नाही ना, मग दूध तरी पोटात जाऊ दे."

दूध दोन कपांवर आणलं, तेही जेवणाच्या तासभर आधी नाही. तक्ता काढून टाकला. पंधरा दिवसांत तोच पोरगा तोच मटारभात खायला लागला. एकेक मटार दोन बोटांत धरून दाबायचा, हिरवा गर तोंडात आणि साल ताटाच्या कडेला. जेवण संपेपर्यंत कडेला सालांची रांग लागलेली असायची. वीस मिनिटं लागायची, पण मी घड्याळ बघणं सोडलं होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. पाच जेवणं ठरवा, वार ठरवा, संपलं. आमच्याकडे सोमवारी मसूर डाळ आणि भात, मंगळवारी अंड्याचं काहीतरी, बुधवारी भाज्या घातलेला पास्ता, असं अजून चालू आहे. मसूर डाळ भिजवावी लागत नाही, वीसेक मिनिटांत साध्या पातेल्यातसुद्धा शिजते. वरून लिंबू पिळा, त्यातल्या सी जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह शरीराला जास्त मिळतं. गोठवलेल्या मटारांना नाक मुरडू नका. तोडल्यावर लगेच वाफवून गोठवलेले असतात, फ्रिजमध्ये चार दिवस पडलेल्या ताज्या भाजीपेक्षा बरे. डाळ, सूप करताना दुप्पट करा आणि अर्धं त्याच रात्री फ्रीझरमध्ये टाका, डब्यावर तारीख लिहून. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, नाहीतर त्यात होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

राहिलं 'तेच तेच'चं. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थाची भीतीच वाटते. एखादी भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कुठे ती तोंडात जाते. म्हणजे रोज नवीन पदार्थ केला तर रोज पहिलीच वेळ, आणि रोज नकार. ताईचा दुसरा उपाय होता पालक वाटून कशात तरी लपवायचा. पोटात जातो, कबूल. पण पोराला पालक कळतच नाही, तो आयुष्यभर लपवत बसणार का? आणि ते फुलांचे, अस्वलांचे आकार कापणाऱ्यांनी एकदा नीट बघावं, त्यातलं किती पोटात जातं आणि किती फोटोत. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी कामाची वाटणीच करून दिलीय: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. हे वाचलं तेव्हा मी ताईला तसंच्या तसं पाठवलं होतं. तिने अंगठा पाठवला.

आता थोडं प्रामाणिकपणे. त्या आठ दिवसांत ताईने केलेली भोपळ्याची भाजी धाकट्याने दोनदा मागून घेतली होती. ती चांगलं करते, तिच्याकडे वेळ होता आणि ती त्याच्यावर ओरडली नव्हती. शिवाय माझी मुलं धडधाकट आहेत. तुमच्या मुलाचं वजन महिनोन्महिने वाढत नसेल, घास गिळताना त्रास होत असेल, एखाद्या पदार्थाने अंगावर गांधी उठत असतील, तर माझं काही ऐकू नका, डॉक्टरांकडे जा. अंड्याची ॲलर्जी असेल तर मंगळवार बाद. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध चाटवायचा नाही. आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना द्राक्षं उभी चिरूनच द्यायची, अख्खे शेंगदाणे, बदाम नकोत.

पदार्थांची यादीच हवी असेल तर माझी वर दिलीय, तीन वारांची. गुरुवार-शुक्रवार तुम्ही भरा. मी तिथे काय करतो ते लिहिलं तर ताई वाचेल. शुक्रवारी तिचीच भोपळ्याची भाजी असते.