देशी श्वानजातीचे मंडळ कशासाठी असावे? ओदाते शहराचा दाखला

सांगोला आणि पंढरपूर भागात कारवानी ही देशी शिकारी जातीची कुत्री पाळणाऱ्या काही जणांनी मिळून मंडळ काढायचे ठरवले आहे, तर अशा मंडळाची उद्दिष्टे काय असावीत आणि एखाद्या स्थानिक जातीसाठी तिच्याच गावकऱ्यांनी उभारलेल्या संस्थेचा इतिहास सांगता येईल का, असे आपण विचारले आहे. मी गेली बारा वर्षे कारवानी कुत्री पाळतो. या काळात अनेक देशांतील श्वानसंस्थांविषयी वाचले. त्यांपैकी आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळची वाटली ती जपानमधील ओदाते शहराची अकिता कुत्र्यांची जतन संस्था, अर्थात अकिता इनू होझोनकाई.

ओदाते हे होन्शू बेटाच्या उत्तरेकडील अकिता प्रांतातले लहानसे शहर आहे. तिथल्या डोंगरांत मातागी नावाचे पारंपरिक शिकारी अस्वलांची शिकार करत आणि त्यांच्या कुत्र्यांपासून ही जात घडली. पुढे या परिसरात कुत्र्यांच्या झुंजी लोकप्रिय झाल्या. झुंजीसाठी अंगाने थोराड कुत्रा हवा, म्हणून तोसा या जपानी झुंजी जातीशी आणि पाश्चात्त्य जातींशी संकर होत गेले आणि उभे कान व पाठीवर वळलेली शेपटी ही मूळ लक्षणे पुसट होऊ लागली. जपानने १९१९ मध्ये नैसर्गिक वारशाच्या रक्षणासाठी कायदा केल्यानंतर प्राणिशास्त्रज्ञ वातासे शोझाबुरो हे ओदातेची कुत्री पाहायला आले. परंतु संकराचे प्रमाण इतके होते की संरक्षणास पात्र म्हणता येईल अशी कुत्री त्यांना आढळली नाहीत. आपल्या गावाची म्हणून जी जात आपण अभिमानाने मिरवतो, ती आता आपल्याच गावात उरलेली नाही, हे अशा रीतीने कळणे गावकऱ्यांना किती लागले असेल, याची मला कल्पना करता येते.

मे १९२७ मध्ये ओदातेचे नगराध्यक्ष इझुमी शिगेइए यांनी ही जतन संस्था स्थापन केली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९३१ मध्ये, या जातीला त्याच १९१९ च्या कायद्याखाली ‘नैसर्गिक स्मारक’ हा संरक्षित दर्जा मिळाला. जपानी कुत्र्यांपैकी हा मान मिळवणारी ती पहिली जात होय. तोपर्यंत लोक तिला ओदातेचा कुत्रा म्हणत. अकिता हे प्रांताचे नाव तिला अधिकृतपणे तेव्हा लाभले. टोकियोच्या शिबुया स्थानकावर मृत धन्याची वाट पाहणारा हाचिको हाही १९२३ मध्ये ओदातेतच जन्मलेला होता, आणि १९३२ मध्ये वृत्तपत्रातून त्याची हकिकत देशभर पोहोचल्यावर या जातीकडे लोकांचे लक्ष अधिकच वेधले गेले. जातीचे लेखी मानक, म्हणजे जातिवंत कुत्रा कसा दिसावा याचे वर्णन, संस्थेने १९३८ मध्ये ठरवले.

दुसऱ्या महायुद्धाने हे सारे जवळपास धुऊन नेले. अन्नटंचाईत मोठा कुत्रा पोसणे कठीण झाले, कातड्यासाठी कुत्री जप्त होऊ लागली आणि युद्ध संपले तेव्हा मोजकीच कुत्री उरली होती. त्यातही अनेकांत जर्मन शेफर्डसारख्या जातींचे रक्त मिसळले होते. अमेरिकी सैनिकांनी मायदेशी नेलेली बरीचशी कुत्री याच भारी अंगाच्या, काळ्या तोंडाच्या वळणाची होती, तर जपानमधील पैदासकार तांबूस, पट्टेदार किंवा पांढऱ्या रंगाचा, कोल्ह्यासारख्या रेखीव चेहऱ्याचा जुना नमुना परत मिळवण्याच्या मागे लागले. अमेरिकेतील मुख्य श्वानसंस्थेने १९७२ मध्ये जातीला मान्यता दिली, पण १९७४ पासून १९९२ पर्यंत जपानहून आणलेल्या कुत्र्यांची नोंद घेतली नाही. नोंदवह्या अशा तुटल्या आणि एकाच मुळाच्या दोन जाती झाल्या. आज बहुतेक देशांत त्यांना वेगवेगळे मानले जाते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. या संस्थेची कामे पाहिली तर प्रत्येक वेताची आणि पिल्लाची वंशावळ नोंदवणे, मानक सांभाळणे, परीक्षक घडवणे आणि प्रदर्शने भरवणे ही प्रमुख दिसतात. आपल्याकडे मंडळ म्हटले की सगळा उत्साह प्रदर्शनात आणि करंडकात खर्च होतो. माझ्या मते मंडळाचा प्राण नोंदवहीत आहे. प्रदर्शन हे नोंदवहीत कोणते नर-मादी पुढे जावेत हे ठरवण्याचे साधन आहे, आणि वही नसेल तर तो फक्त एका दिवसाचा मेळा ठरतो. मानकही मोजता येईल असे असावे. नराची खांद्यापर्यंतची उंची ६६.७ सेंटिमीटर आणि मादीची ६०.६ सेंटिमीटर, त्यात तीन सेंटिमीटरची सवलत, इतक्या नेमकेपणाने त्या संस्थेने लिहून ठेवले आहे.

मी पहिले पिल्लू अस्सल कारवानी म्हणून घेतले होते. आई कोणती, बाप कोणता, हे विकणाऱ्याला सांगता आले नाही, आणि मोठेपणी त्याच्या जबड्यात व छातीत दुसऱ्या शिकारी जातीची मिसळ उघड दिसू लागली. त्या मुक्या जिवावर माझी माया तसूभरही कमी झाली नाही, परंतु त्याची जोड लावण्याचा विचार मला सोडावा लागला. आपली जात एका अर्थी ओदातेपेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे; कारण हीच कुत्री महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडे कारवानी आणि पलीकडे मुधोळ म्हणून ओळखली जातात, केसाळ वाणाला पश्मी म्हणतात, आणि भारतीय केनेल क्लबच्या यादीत कॅराव्हॅन हाउंड असे नाव आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये काढलेल्या तिकिटावर मात्र मुधोळ हेच नाव आहे. म्हणून नावाच्या वादात न शिरता पश्मी आणि तुळतुळीत केसांची, दोन्ही वाणांची कुत्री एकाच वहीत घ्यावीत, असे मला मनापासून वाटते.

एक इशाराही द्यायला हवा. थोड्या कुत्र्यांपासून जात परत उभी केली की जवळच्या रक्तात जोड लागत जाते. अकितांमध्ये डोळे आणि त्वचा यांना ग्रासणारे, शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून येणारे विकार इतर अनेक जातींपेक्षा अधिक आढळतात. त्यामुळे आपल्या वहीत रंग आणि उंचीबरोबरच आजार, मृत्यूचे वय, वेतातील पिल्लांची आणि दगावलेल्यांची संख्या यांसाठीही रकाने ठेवा, आणि एकाच गाजलेल्या नराकडे सगळ्या माद्या नेल्या जाऊ नयेत म्हणून एका नराच्या वर्षभरातील जोडींवर मर्यादा घाला. सशाची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद असल्याने कुत्र्याची धाव आणि दम यांची पारख मोकळ्या माळावर, कृत्रिम आमिषामागे धाववूनच करावी. पहिल्या वर्षी गावोगाव फिरून प्रत्येक कुत्र्याचे समोरून आणि बाजूने छायाचित्र, मालकाला आठवतील तितक्या पिढ्या आणि उंची एवढे टिपले, तरी मंडळाचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मी म्हणेन. वहीचे रकाने आखायला मदत लागली तर अवश्य विचारा.