विंग विकू की तिची सवय होऊ देऊ?

प्रश्न: वय ३४, पुण्यात नोकरी, हातात महिना ७२ हजार येतात. वर्षाला बारा-पंधरा स्कूबा डाइव्ह होतात, तारकर्लीला आणि जमलं तर अंदमानला. स्वतःचं साहित्य हवं म्हणून ५८ हजारांची स्टीलची बॅकप्लेट (सिलिंडर बांधायची पाठीवरची पाटी) आणि विंग (तिच्यामागची, हवा भरून तरंगायची पिशवी) क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घेतली. पाच हप्ते बाकी आहेत. सहा डाइव्ह झाल्या तरी जमत नाही. खाली जायला लागणारं शिसं हवा भरायच्या जॅकेटला लावायचो तेवढंच, ८ किलो लावतो. खाली डोकं झुकतं, वर आलो की तोंडावर ढकलला जातो. एक जण विंगचे ३४ हजार देतोय. त्यात आठ हजार घालून ४२ हजारांचं जॅकेट घेऊ का?

उत्तर: नमस्कार. सध्या विकू नका.

५८ हजार दोन्ही वाटांनी गेलेलेच आहेत, ते बाजूला ठेवा. आपल्याकडे बहुतेक डाइव्ह सेंटरांच्या दरात साहित्य धरलेलंच असतं, त्यामुळे स्वतःची विंग भाडं वाचवून पैसे वसूल करून देणार नाही. तिच्याकडून मिळण्यासारखी गोष्ट एकच: दर वेळी तोच पट्टा, तोच व्हॉल्व्ह, हात न शोधता तिथे जाणं. ही सवय तुम्हाला अजून लागलेलीच नाही. आता विकलीत तर नेमकं जे विकत घेतलंत तेच हाती न लागता तुम्ही बाहेर पडाल. वर जॅकेटही नवंच, म्हणजे त्याचीही सवय पहिल्यापासून.

पत्रातला ८ किलोचा आकडा मी दोनदा वाचला. स्टीलची प्लेट स्वतःच साधारण अडीच-तीन किलोची असते, आणि जॅकेटचं पॅडिंग स्वतःच तरंगतं, विंगला तसं पॅडिंग फारसं नसतं. म्हणजे तुम्ही बहुधा तीनेक किलो जास्तीचं ओझं घेऊन उतरताय. ते उचलायला विंगमध्ये जास्त हवा भरावी लागते. दहा मीटरवरची हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट फुगते, म्हणून वर येताना सावरणं कठीण जातं. पृष्ठभागावरही विंग गच्च भरली की ती पाठीकडून पुढे लोटते. थोडी हवा सोडून मागे रेललं की तोंड पाण्याबाहेर राहतं.

मी तारकर्लीच्या एमटीडीसीच्या केंद्रात शिकले. पहिल्या हार्नेसचे (प्लेट अंगाला बांधायच्या पट्ट्यांचे) खांद्याचे पट्टे मी घरी टी-शर्टवर मापले होते. वेटसूट चढवल्यावर ते काखेत असे रुतले की इन्फ्लेटरपर्यंत, म्हणजे विंगमध्ये हवा भरायच्या नळीपर्यंत, हात वळेना. दोन बोटं ढिले केले आणि पायांमधून येणारा पट्टा मात्र घट्ट केला, तेव्हा प्लेट मानेकडे सरकायची थांबली. डोकं झुकत असेल तर सिलिंडर थोडा खाली घेऊन पाहतात.

म्हणून खर्च करायचाच तर आधी इथे करा: विंग वापरणाऱ्या प्रशिक्षकाबरोबर तरणतलावात एक सत्र, मग समुद्रात वजनाची चाचणी. सिलिंडरमध्ये ५० बार दाबाचीच हवा उरलेली, विंग रिकामी, श्वास नेहमीसारखा. डोळे पाण्याच्या रेषेवर राहिले की शिसं बरोबर. भरलेल्या सिलिंडरवर ही चाचणी करू नका, कारण डाइव्हमध्ये दोनेक किलोची हवा संपते. तलावातला आकडा समुद्रात चालत नाही, खाऱ्या पाण्यात जास्त शिसं लागतं. आणि माझं वाचून एकट्याने शिसं काढून उतरू नका, ही काळजीची विनंती आहे.

चार हजार धरा, पाच धरा, जॅकेटच्या वरखर्चापेक्षा ते कमीच आहेत. यानंतर आणखी आठ-दहा डाइव्ह करा. तरीही अंगाला बसली नाही तर खुशाल विका, त्यात कमीपणा नाही. फक्त तेव्हा आलेल्या पैशांतून आधी कार्डाचे उरलेले हप्ते फेडा. मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क किती ते बँकेला विचारा. जॅकेट घ्यायचं ते साठवलेल्या पैशांतून. महिना पाच हजारांचं आवर्ती खातं नऊ महिन्यांत तिथे पोचवतं. कार्डावर दुसरा हप्ता नको. बिनव्याजी म्हणून दिलेल्या हप्त्यातही प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या रकमेवरचा जीएसटी बहुधा लागतोच. एकदा स्टेटमेंट उघडून पाहा.

तोवर विंगचा भाव टिकवा. प्रत्येक फेरीनंतर इन्फ्लेटरच्या तोंडातून आत गोडं पाणी घाला, हलवा, खालच्या व्हॉल्व्हमधून काढा, आणि अर्धी फुगवून सावलीत टांगा. आत मीठ सुकलं की व्हॉल्व्ह गळू लागतो, आणि घेणारा आधी तोच दाबून बघतो.