टाकळ्यात गॅमेक्सिन उतरतं का?

प्रश्न : नमस्कार सर, मी गुहागर तालुक्यातली. आमच्या परड्यात पूर्वी गोठा होता, तेव्हा बाबा गोचिडांना आणि वाळवीला गॅमेक्सिनची पावडर मारायचे, पोतंच असायचं कोपऱ्यात, तो कुबट वास मला अजून आठवतो. आता गोठा पडला आणि बरोब्बर त्याच जागी जूनमध्ये टाकळा उगवतो, कुंपणावर करटुली चढते. आई म्हणते पहिल्या पावसाचा टाकळा खाल्लाच पाहिजे. लेकीने कुठेतरी वाचलं की ही औषधं जमिनीत वर्षानुवर्षं राहतात आणि झाडं ती शोषून घेतात, तेव्हापासून ती भाजीला शिवत नाही. खरं काय? धुतलं की जातं का? (आता तिथे कोंबड्या असतात आणि कडेला आम्ही कचरा जाळतो.)

उत्तर : ताई, लेक निम्मी बरोबर आहे आणि तुम्ही कंसात जे लिहिलंय ना तेच खरं महत्त्वाचं आहे, पण आधी टाकळ्याचं बघू.

तुमची ती पावडर म्हणजे बीएचसी. त्यात किडे मारणारा भाग, ज्याला लिंडेन म्हणतात, तो जेमतेम १० ते १५ टक्के, बाकीचा सगळा त्याच्याच भावंडांचा (तेच अणू, फक्त मांडणी वेगळी) भरणा, आणि त्यातलं बीटा नावाचं भावंड सगळ्यात चिवट. आपल्याकडे बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. अशा न कुजणाऱ्या, चरबीत साठणाऱ्या रसायनांसाठी २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला, सुरुवातीला यादीत १२ नावं होती, डीडीटी वगैरे, बीएचसीची ही भावंडं २००९ ला त्यात गेली.

आता मुळं. आपल्याला वाटतं झाड म्हणजे स्ट्रॉ, खालचं सगळं वर ओढतं. पण झाड ओढतं पाणी, आणि ही मंडळी पाण्याची नाहीतच, तेलाची आहेत. एका बाटलीत अर्धं तेल अर्धं पाणी घेऊन त्यात डीडीटी टाकून हलवलं तर ते तेलात पाण्याच्या लाखो पट जास्त जाऊन बसतं. त्यामुळे ते मुळाच्या सालीपर्यंत येतं आणि तिथेच चिकटतं, पाण्याबरोबर वर चढत नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९८२ साली बार्लीच्या रोपांवर हे नीट तपासलं होतं, वर पानात सगळ्यात छान चढतात ती मधली रसायनं, ना फार तेलकट ना फार पाणचट. बीएचसी डीडीटीपेक्षा बरंच कमी तेलकट आहे, म्हणजे थोडंफार वर जाऊ शकतं, हे मी लपवत नाही. तरी गोठ्यातलं शेण वर्षानुवर्षं मुरलेली जमीन असेल तर ती स्वतःच हे औषध धरून ठेवते, मुळाला कमी मिळतं.

करटुलीचं जरा वेगळं. भोपळ्याच्या कुळात एक खोडी आहे. १९९४ मध्ये जर्मनीत बघितलं तर झुकिनी आणि भोपळ्याने मातीतलं डायॉक्सिन (कचरा जळताना तयार होणारं, असंच तेलकट विष) मुळातून थेट फळापर्यंत नेलं होतं, जे बाकीच्या भाज्या करत नाहीत. पुढे कळलं की त्यांच्या रसात असं प्रथिन असतं जे तेलकट रेणूला कडेवर घेऊन वर जातं. पण त्याच प्रयोगात काकडीने तसं केलं नाही, तिच्यात आलं ते मुख्यतः हवेतून, म्हणजे वेल दिसला की घाबरायचं असं नाही. मी तुमच्या जागी असतो तर त्या गोठ्याच्या चौकोनातली करटुली सोडली असती आणि वरच्या सड्याकडची, म्हणजे कातळाच्या माळावरची, काढली असती, जूनमध्ये टाकळ्याला आणि नंतर करटुलीला आपल्याकडे काय तोटा आहे.

खरा रस्ता पानाचा. अळवावरचं पाणी आपण म्हणतो, थेंब टिकत नाही म्हणून, पण का टिकत नाही तर पानावर मेणाचा थर असतो. पाण्याला जे मेण झिडकारतं तेच हवेतून वाफ होऊन फिरणाऱ्या तेलकट विषाला जवळ घेतं. मेण कमीजास्त असेल पण सगळ्याच पानांवर असतं. थंड देशांत शास्त्रज्ञ पाइनच्या सुया तोडून हवेत काय आहे ते मोजतात, तसंच दगडफुलावरूनही मोजतात, कारण त्याला मूळच नाही, जे काय घ्यायचं ते हवेतून आणि पावसातून. (हो, आपल्या मसाल्यातलं दगडफूल, पण ते चिमूटभर, त्यावरून भांडण नको.)

दुसरं म्हणजे चिखल. टाकळा जमिनीलगतचा, पहिल्या जोरदार सरीनंतर खालची पानं उलटी करून बघा, जांभ्याची लाल ठिपकी दिसतील. बऱ्याचदा "भाजीतलं विष" म्हणजे हीच माती असते. ती धुतली की जाते, दोनतीन पाण्यांतून चोळून धुवा, शेंड्याची कोवळी पानंच घ्या. मेणात मुरलेलं मात्र पाण्याने जात नाही, तेलाचा डाग जसा नुसत्या पाण्याने जात नाही.

आता तुमचा कंस. कचऱ्यात पाइपचे तुकडे, रेक्झिन, जुनी वायर असलं काही गेलं की क्लोरीन आलं, आणि धुमसत्या आगीत त्यातून डायॉक्सिन तयार होतं, राखेत बसतं, आजूबाजूच्या पानांवर बसतं. आपली भाजावळ (पेरणीआधी जमीन भाजायची ती) पालापाचोळा नि शेणाची होती, हल्ली त्यातसुद्धा पिशव्या टाकतात, ते बघून माझं डोकं फिरतं. आणि कोंबडी काय करते, दिवसभर तीच माती टोचते, दाण्याबरोबर मातीही गिळते, विष चरबीत जातं आणि तिथून पिवळ्या बलकात. माणसाच्या पोटात जाणारं डायॉक्सिन बहुतांश मांस, दूध, अंडी, मासे यांतून येतं, पालेभाजी त्या मानाने फार मागे. म्हणजे लेक टाकळा बाजूला सारतेय आणि गावठी अंडं म्हणून कौतुकाने खातेय, असं होत असेल तर उलटं चाललंय.

प्लॅस्टिक जाळणं आजपासून बंद. गोठ्याची जागा आणि राखेची जागा जाळी मारून कोंबड्यांना बंद करा, खुराडं घराच्या दुसऱ्या अंगाला न्या. आईंना टाकळा सड्यावरचा आणून द्या, आठळ्या घालून.

प्रश्न : मग अशा जागेत भोपळा लावून जमीन साफ करून घेता येईल का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : कल्पना चांगली आहे, लोकांनी करून पाहिलीय, पण एका हंगामात वेल उचलतो ते जमिनीतल्या साठ्याच्या मानाने चिमूटभर. आणि नंतर त्या वेलाचं करणार काय? गुरांना घालता येत नाही, जाळता येत नाही, खतात टाकला तर परत तिथेच. त्यापेक्षा तिथे शोभेची झाडं लावा, पालापाचोळ्याने माती झाकून ठेवा म्हणजे पावसात उडणार नाही, आणि खायचं काही दुसरीकडे लावा.