टीव्ही फुटला म्हणून जादा विमा घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलांच्या खेळण्यात टीव्हीचा पडदा फुटला. घरविमा असूनही कंपनीने दावा नाकारला. आता पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंट म्हणतो की, इमारत आणि सामान दोन्हींसाठी अपघाती नुकसानीचं जादा संरक्षण जोडून घ्या. हप्ता बराच वाढतोय. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम तुमच्याकडे बाजूला आहे आणि विम्याची रक्कम घर घेतलं तेव्हा ठरली होती, तीच आजही आहे.

माझं मत : सामानासाठी घेऊ नका. इमारतीसाठी घ्यायला हरकत नाही, पण पॉलिसी वाचून. आणि या दोन्हींच्या आधी विम्याची रक्कम दुरुस्त करून घ्या.

दावा का नाकारला गेला ते आधी बघू. साधा घरविमा बहुधा ठरावीक संकटांपुरता असतो. आग, वादळ, पूर, चोरी, पाइप फुटून शिरलेलं पाणी अशी यादी असते आणि नुकसानीचं कारण त्या यादीत असावं लागतं. मुलाच्या हातून सुटलेला चेंडू त्यात नसतो. अपघाती नुकसानीचं संरक्षण असेल तर नुकसान अचानक, अनपेक्षितपणे आणि कुणीही मुद्दाम न करता झालं का, हे पाहिलं जातं. तसं असेल आणि ते अपवादांत मोडत नसेल, तर पैसे मिळतात.

म्हणजे सगळी मेख अपवादांच्या पानावर आहे. हळूहळू होणारी झीज, ओल, बुरशी, वाळवी यांचे पैसे मिळत नाहीत. टीव्ही पडून फुटला तर मिळतील, आतून बिघडून बंद पडला तर नाही. पाळीव प्राण्याने सोफा कुरतडला किंवा कारागिराने काम चुकीचं केलं, तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात. घराबाहेर पडून फुटलेला मोबाइल यात येईलच असं नाही, त्यासाठी अनेकदा वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

आता सामानाचं. प्रत्येक दाव्यात सुरुवातीची ठरावीक रक्कम तुम्ही स्वतः सोसायची असते, तिला एक्सेस किंवा डिडक्टिबल म्हणतात. दुरुस्ती 100 ची आणि एक्सेस 60 असेल, तर हाती 40 येतात. पॉलिसी घसारा, म्हणजे वापरामुळे वस्तूची कमी झालेली किंमत, कापणारी असेल तर जुन्या वस्तूला त्याहूनही कमी. शिवाय दावा न केल्याबद्दल हप्त्यात सवलत मिळत असेल, तर तीही जाऊ शकते. घरातल्या बहुतेक फुटतुटीचा हिशोब असाच लागतो. तुमच्याकडे बाजूला काढलेले पैसे आहेत, ते अशाच खर्चांसाठी आहेत. एखादं महागडं वाद्य किंवा कॅमेरा असेल, तर तेवढीच वस्तू पॉलिसीत नावानिशी नोंदवून घ्या.

इमारतीचं वेगळं आहे. भिंतीत ड्रिल करताना आतल्या पाइपला भोक पडलं, तर खर्च पाइपवर थांबत नाही. फरशा फोडणं, प्लंबिंग, पुन्हा प्लास्टर, रंग, सगळं मागोमाग येतं. असा खर्च क्वचित येतो पण मोठा असतो, आणि विमा त्यासाठीच घ्यावा. मात्र बसवलेल्या काचा, बेसिन, कमोड, जमिनीखालचे पाइप यांचं अपघाती नुकसान अनेक पॉलिसींत मुळातच धरलेलं असतं. ते तुमच्या पॉलिसीत असेल आणि घरात तोडफोडीची कामं फारशी निघत नसतील, तर इमारतीचं जादा संरक्षणही सोडून द्या.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या जुन्या विमा रकमेची. समजा, सामानाची आजची किंमत 100 आहे आणि विमा 60 चाच आहे. आगीत 20 चं नुकसान झालं, तर 60 ची मर्यादा ओलांडली नाही म्हणून पूर्ण 20 मिळतील असं आपल्याला वाटतं. पण पॉलिसीत अ‍ॅव्हरेजची अट असेल, तर विमा जितक्या प्रमाणात कमी तितकाच दावाही कमी होतो, म्हणजे 12 च मिळतात. टीव्हीचं नुकसान तुम्ही सोसलंत, पण असा फटका घराला सोसवणार नाही. म्हणून खोलीखोलीत फिरून सामानाची यादी करा, फोटो काढा, बिलं एकत्र ठेवा आणि आजच्या भावाने बेरीज करा. इमारतीसाठी बाजारभाव धरू नका, त्यात जमिनीची किंमत मिसळलेली असते. घर पुन्हा बांधायला लागणारा खर्च धरा.

एजंटचं तोंडी आश्वासन पुरेसं नाही. कंपनीला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागा : अपघाती नुकसानीच्या दाव्याला एक्सेस किती, वस्तूच्या बदल्यात नवी वस्तू मिळते की घसारा कापून पैसे, आणि अ‍ॅव्हरेजची अट लागू आहे का. उत्तर येईपर्यंत जादा संरक्षणाला होकार देऊ नका, पण चालू पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीखही चुकवू नका.