आर.ई.एम. आवडत असेल तर ऐंशीच्या दशकातले अमेरिकन कॉलेज रॉकचे कोणते दुर्लक्षित अल्बम ऐकावेत?

तुम्ही लिहिलंय की आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचे सुरुवातीचे अल्बम पाठ झालेत, पिक्सीज आणि रिप्लेसमेंट्स हे बँडही ऐकून झालेत, आता त्याच काळातलं पण फारसं कुणी नाव न घेतलेलं काहीतरी हवंय. मग मी म्हणेन आर.ई.एम.चं बोट सोडूच नका. त्यांनी कुणाची गाणी वाजवली, त्यांचे रेकॉर्ड कुणी रेकॉर्ड केले, त्यांनी स्वतः कुणाला स्टुडिओत मदत केली, ती नावं धरून पुढे जा. हा सगळा एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांचा गोतावळा होता, त्यातले आर.ई.एम. मोठे झाले आणि बाकीचे बरेचसे कॉलेज रेडिओपुरतेच राहिले. कॉलेज रेडिओ म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवलेली छोटी स्टेशनं, एफएमवर ८८ ते ९२ या बिनव्यावसायिक पट्ट्यात असायची, जाहिरातदारांची धास्ती नाही म्हणून काहीही लावायची मुभा. पण गाणं रेडिओवर वाजणं वेगळं आणि रेकॉर्ड दुकानात मिळणं वेगळं, आणि माझ्या मते यातले अल्बम मागे पडले ते बऱ्याचदा या दुसऱ्या कारणाने, गाण्यांत काही कमी होतं म्हणून अजिबात नाही.

पहिला पायलॉनचा 'जायरेट', १९८०. हे जॉर्जियातल्या अथेन्सचेच, म्हणजे आर.ई.एम.च्या गावचे, आणि त्यांच्याआधीचे. आर्ट शिकणारी मुलं, वाद्यं जवळजवळ बँड काढल्यावरच शिकलेली. बास आणि ड्रम्स गाणं ओढत नेतात, गिटार मधेमधे टोचते आणि व्हनेसा ब्रिस्को कधी सरळ बोलल्यासारखी तर कधी घशातून ओरडत गाते. नाचावंसं वाटेल असं आहे पण कुठेही गोडवा नाही. आर.ई.एम.ने त्यांचं 'क्रेझी' वाजवलंय, आणि १९८७ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाने आर.ई.एम.ला अमेरिकेतला सर्वोत्तम रॉक बँड ठरवलं तेव्हा त्यांचा ड्रमर बिल बेरी म्हणाला होता की तो मान पायलॉनचा. 'व्हॉल्यूम' या गाण्यापासून सुरू करा.

आता माझा सगळ्यात लाडका, द फीलीजचा 'द गुड अर्थ', १९८६. न्यू जर्सीतल्या हेलडनचे हे लोक. यांचा १९८० चा 'क्रेझी ऱ्हिदम्स' जाणकार लोक डोक्यावर घेतात आणि तो आहेच भारी, पण त्या नादात 'द गुड अर्थ' कायम मागे राहतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. मधली सहा वर्षं अल्बम नाही, दरम्यान वेगवेगळ्या नावांनी आसपासच्या ठिकाणी वाजवत होते, आणि मग आर.ई.एम.चा गिटारिस्ट पीटर बकने त्यांच्यासोबत हा प्रोड्यूस केला. आवाज मुद्दाम खाली दाबलेला, शब्द अर्धे कळतात अर्धे नाही, वर सतत खरवडल्यासारख्या चालणाऱ्या अकूस्टिक गिटारी. यातलं 'स्लिपिंग इंटू समथिंग' हेडफोन लावून एकदा पूर्ण ऐका. सुरुवातीला एवढं संथ की पुढे काही होणार आहे असं वाटतच नाही, मग ग्लेन मर्सर आणि बिल मिलियनच्या गिटारी हळूहळू एकमेकींत गुंतत जातात, वेग कधी वाढला ते कळत नाही आणि शेवटी गाणं राहतच नाही, नुसती धाव राहते, आणि एवढं होऊनही कुणी शो-ऑफ करत नाही. मला या दशकातल्या अमेरिकन गिटारमध्ये याच्याहून सुंदर फार थोडं सापडलंय.

मग नॉर्थ कॅरोलायनातलं विन्स्टन-सेलम. तिथे संगीतकार आणि प्रोड्यूसर मिच ईस्टरचा आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये ड्राइव्ह-इन नावाचा स्टुडिओ होता, आर.ई.एम.चं पहिलं सिंगल आणि 'क्रॉनिक टाउन' हा छोटा रेकॉर्ड तिथलाच. त्याच्या स्वतःच्या लेट्स अ‍ॅक्टिव्ह या बँडचा 'सायप्रेस' (१९८४) ऐका, वरून चकचकीत पॉप वाटतो पण आत बरीच उदासी आहे. त्याच गावातून न्यूयॉर्कला गेलेल्या द डीबीजचा 'स्टँड्स फॉर डेसिबल्स' (१९८१) तर रेकॉर्ड दुकानात न मिळण्याचं धडधडीत उदाहरण, अमेरिकन बँड असून रेकॉर्ड काढला लंडनच्या अल्बियन या रेकॉर्ड कंपनीने, मायदेशात तो इम्पोर्ट म्हणूनच मिळायचा. क्रिस स्टेमी आणि पीटर होल्सॅपल दोघे लिहायचे, स्टेमीची गाणी वाकडी, होल्सॅपलची सरळ काळजात जाणारी. हाच होल्सॅपल पुढे 'आउट ऑफ टाइम' या अल्बमवर आर.ई.एम.सोबत वाजवताना सापडतो.

बॉस्टनच्या मिशन ऑफ बर्माचा 'व्हर्सेस' (१९८२) पण घ्या, जास्त कर्कश आहे, सवय व्हायला वेळ लागेल. यांचा चौथा मेंबर मार्टिन स्वोप स्टेजवर नाही तर साउंड बोर्डापाशी बसायचा, चालू वाजवणं टेपवर घेऊन तेच उलटंसुलटं करून परत गाण्यात सोडायचा. गिटारिस्ट रॉजर मिलरच्या कानातली गुणगुण वाढत गेली म्हणून १९८३ मध्ये बँड थांबला.

आणि शेवटी ठेवा गेम थिअरीचा 'लोलिता नेशन', १९८७, प्रोड्यूसर परत मिच ईस्टरच. कॅलिफोर्नियाचा स्कॉट मिलर, पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमर, त्याने सत्तावीस ट्रॅक्सचा डबल अल्बम केला ज्यात एखादं कमालीचं गोड गाणं संपलं की लगेच टेपचे तुकडे, आधीच्या गाण्यांचे सांडलेले आवाज, आणि एका ट्रॅकचं नाव तर वाचता वाचता दम लागेल एवढं लांब. पहिल्यांदा डोक्यावरून जाईल, जाऊ दे. आधी 'वी लव्ह यू कॅरल अँड अ‍ॅलिसन' आणि 'द वेस्ट अँड द नीज' ही दोन ऐका, ती आवडली की बाकीचा पसारा आपोआप जागेवर बसतो. हा अल्बम कित्येक वर्षं छापलाच गेला नव्हता, मिलर २०१३ मध्ये गेला आणि २०१६ मध्ये ऑम्निव्होर या रेकॉर्ड कंपनीने तो पुन्हा काढला, त्याला ते बघायला मिळालं नाही. ती नवी आवृत्तीच शोधा, वर बरंच जास्तीचं रेकॉर्डिंगही आहे.