ताप नाही म्हणून थांबावे का?

नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाल्याचे घरी लवकर कसे ओळखावे आणि ताप नसेल तर वाट पाहावी का, असे आपण विचारले आहे. वाट पाहू नये. मी बीड जिल्ह्यात नवजात शिशू कक्षात परिचारिका आहे. ‘ताप तर नाही’ म्हणून थांबलेल्या घरांतली बाळे आमच्याकडे फार उशिरा येतात.

मोठ्या माणसाला ताप चढतो. महिन्याच्या आतल्या बाळाचे, त्यातही अडीच किलोहून कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे, अंग उलट गार पडू शकते. गेल्या थंडीत आठ दिवसांचे एक बाळ दोन गोधड्यांत गुंडाळून आणले होते आणि आजी कौतुकाने सांगत होत्या, “लेकरू लई गुणाचं, रडतच नाही.” मी हाताची मागची बाजू आधी पोटाला, मग तळपायाला लावली, दोन्ही गार होते. तोंडात बोट दिले तरी ते चोखेना. कल्चरसाठी (रक्तात जंतू वाढतात का, हे पाहण्याच्या तपासणीसाठी) रक्त घेऊन डॉक्टरांनी लगेच शिरेतून प्रतिजैविके सुरू केली, कारण अहवालाला साधारण दोन दिवस लागतात आणि तेवढी सवड अशा बाळाला नसते. 14 दिवसांनी ते आईच्या अंगावर पीत घरी गेले.

म्हणून पहिले लक्ष दुधाकडे द्यावे. काल नीट ओढणारे बाळ आज ओढत नसेल, उठवूनही पेंगत असेल, हातपाय हलवत नसेल, तर त्याला गुणी समजू नये. बाळ शांत असताना पोट उघडे करून पूर्ण 1 मिनिट श्वास मोजावेत (श्वास अनियमित असतो, म्हणून अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये); 60 किंवा अधिक भरले तर पुन्हा मोजावेत आणि दुसऱ्यांदाही तेवढेच भरले तर दवाखान्यात निघावे. काखेतले तापमान 35.5 अंश सेल्सिअसच्या खाली किंवा 37.5 आणि त्याहून वर असणे, छाती आत ओढली जाणे, कण्हणे, झटके, बेंबीभोवती लाली किंवा पू, यांतले एकही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. पाणमोट फुटून 18 तासांहून अधिक काळाने बाळंतपण झाले असेल किंवा आईला तेव्हा ताप असेल, तर पहिले तीन दिवस विशेष जपावे.

दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. पण बाळंतीण ऊसतोडीला कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) असेल तर या भेटी चुकतात आणि हे सारे घरच्यांनाच पाहावे लागते. रुग्णवाहिकेसाठी 102 किंवा 108 ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. घुटी पाजण्यात वेळ घालवू नये. बाळाला टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे, वरून गोधडी घ्यावी आणि तसेच गाडीत बसावे.