तुमचे प्रश्न: ग्लो, ग्लिटर, ग्लेअर सगळे चमकतात कसे?

प्रश्न: माझी मुलगी मराठी मीडियमला आठवीत आहे. इंग्रजी शब्द ए पासून झेडपर्यंत वहीत लिहून पाठ करते आणि दोन दिवसांत विसरते. परवा म्हणाली, आई, ग्लो, ग्लिटर, ग्लेअर सगळे जी-एल ने सुरू होतात आणि सगळ्यांचा अर्थ चमकण्याचाच, हा योगायोग आहे का? मला सांगता आलं नाही.
— एक आई, मिरज

उत्तर: ताई, आधी लेकीची पाठ थोपटा, कारण तिनं जे पकडलंय त्याला भाषेच्या अभ्यासात चक्क नाव आहे, फोनेस्थीम. शब्दातला एक छोटासा आवाज बऱ्याच शब्दांत अर्थाची एकच छटा घेऊन येतो तेव्हा त्याला असं म्हणतात, आणि १९३० मध्ये हे नाव देणारे जे. आर. फर्थ त्याआधी काही वर्षं लाहोरला पंजाब युनिव्हर्सिटीत इंग्रजीचे प्रोफेसर होते. आणि आपल्याकडे काय वेगळं आहे? झगमग, झळकणे, झळाळी, झगझगीत, झ आला की उजेड पडलाच.

आता तिला वहीच्या एका पानावर फक्त जी-एल वाले शब्द लिहू द्या, पण नुसतं 'चमकणे' लिहून सोडू नका, कारण खरी मजा फरकात आहे. ग्लो म्हणजे निखाऱ्यासारखा संथ उजेड, ज्वाळा नाही. ग्लीम म्हणजे घासूनपुसून ठेवलेल्या पितळी तांब्याची चमक. ग्लिटर म्हणजे खूप बारीक बारीक चमचम, टिकल्यांच्या साडीची. ग्लिसन हे ओल्या गोष्टींचं, दव पडलेलं पान, घामानं भिजलेलं कपाळ. ग्लिमर म्हणजे मिणमिणता उजेड, म्हणून आशेचा अंधुक किरण सांगायलाही तोच वापरतात. ग्लेअर म्हणजे डोळ्यांवर येणारा उजेड, समोरच्या गाडीच्या हेडलाइटचा, आणि कोणी रागानं डोळे वटारून बघितलं तरी ग्लेअरच.

इथून गाडी उजेडावरून नजरेवर येते. ग्लान्स म्हणजे आपण टाकलेली नजर, घड्याळावर, पेपरवर. ग्लिम्प्स म्हणजे ओझरतं दिसणं, गर्दीत पालखी क्षणभर दिसली आणि गेली, ती ग्लिम्प्स. एक आपण करतो, दुसरं आपल्याला मिळतं. हे दोन शब्द कॉलेजची मुलंसुद्धा सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, तिचं आठवीतच पक्कं होऊ द्या.

पण हा नियम नाही हं, ग्लव्ह म्हणजे हातमोजा आणि ग्लू म्हणजे डिंक, यांचा उजेडाशी काही संबंध नाही. ग्लॅड मात्र फसवतो, आज अर्थ आनंदी, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चमकदार असाही होता.

हे पान झालं की एस-एन चं घ्या, ते सगळं नाकाचं! स्निफ हुंगणं, स्नोअर घोरणं, स्नॉर्ट फुरफुरणं, स्नाउट जनावराचं लांब तोंड, स्नॉट शेंबूड, स्नफ तपकीर. स्नीझ म्हणजे शिंकणं, आणि गंमत म्हणजे हा शब्द जुन्या इंग्रजीत एफ-एन ने सुरू व्हायचा, पुढे एफ गेला आणि एस आला, म्हणजे आज तो या नाकवाल्या घोळक्यात अगदी फिट बसतो.

प्रश्न: नी, नाइफ, नो या शब्दांतला 'के' बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला? सर म्हणतात सायलेंट आहे, पाठ कर.
— दहावीचा विद्यार्थी, लातूर

उत्तर: कारण तो पूर्वी बोलायचे! साधारण सतराव्या शतकापर्यंत इंग्रजीत हा 'के' ऐकू यायचा, नंतर उच्चार गळाला आणि स्पेलिंग तसंच राहिलं. जर्मनमध्ये गुडघ्याला आजही क्नी म्हणतात, 'क' नीट बोलून. आपलंच बघ ना, आपण लिहितो ज्ञान आणि बोलतो द्न्यान, अक्षर जुनं, उच्चार नवा.

आणि हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण नो म्हणजे जाणणं हा शब्द आणि संस्कृतातला ज्ञा धातू एकाच मुळातून आलेत. नी म्हणजे गुडघा आणि संस्कृतातला जानु यांचंही तसंच, तोच जानु आपल्या आजानुबाहूत आहे, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. त्यांच्याकडे के-एन, आपल्याकडे ज-न. आता विसरशील का स्पेलिंग?

के-एन मध्ये गाठीगोळ्याचे शब्दही बरेच आहेत. नॉट म्हणजे गाठ, नॉब म्हणजे दाराची गोल मूठ, नकल म्हणजे मूठ वळल्यावर वर येणारा बोटाचा सांधा, नीड म्हणजे कणीक मळणं (के-एन-ई-ए-डी, गरजेचा नीड वेगळा). निट म्हणजे विणणं, तो तर नॉटचाच नातलग.

प्रश्न: डब्ल्यू-आर वाल्या शब्दांचं पण असं काही आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर: आहे, पीळ! रिंग म्हणजे ओले कपडे पिळणं (अंगठीच्या रिंगला डब्ल्यू नाही), रेंच म्हणजे नट फिरवायचा पाना किंवा जोराचा हिसका, रिस्ट म्हणजे जिथून हात वळतो ते मनगट, रीथ म्हणजे गोल गुंफलेलं पुष्पचक्र, रिगल म्हणजे वळवळणं, रिंकल म्हणजे सुरकुती. राँग म्हणजे चूक, पण त्याचा जुना अर्थ वाकडं, आणि आपणही म्हणतोच की, मी तुझं काय वाकडं केलंय. राइट म्हणजे लिहिणं मात्र यात धरू नका, त्याचा मूळ अर्थ ओरखडणं, कोरणं असा होता.